मधल्या मंगळवारचा कौल

6 जानेवारी 2023 ची मध्यरात्र. वॉशिंग्टनच्या कॅपिटॉल इमारतीत 434 निवडून आलेली माणसे चार दिवसांपासून ताटकळत होती. लोकांनी त्यांना निवडून दिले होते, पण अजून एकाचीही शपथ झाली नव्हती. अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात आधी सभापती निवडला जातो आणि मग तो बाकीच्यांना शपथ देतो. इथे सभापतीच ठरत नव्हता. शपथविधी पाहायला आणलेली मुले कंटाळून गेली होती. एक सदस्य चार महिन्यांचे बाळ छातीशी बांधून मतदानाला उभा राहत होता. सभापती नाही म्हणून नियम नाहीत आणि नियम नाहीत म्हणून कॅमेऱ्यांवर बंधन नाही. एरवी ठरावीक कोनातून दिसणारे ते सभागृह त्या आठवड्यात जगाला कानाकोपऱ्यासह दिसले. कोण कुणाच्या कानाला लागतो आहे, कोण कुणावर धावून जातो आहे, सगळे उघड्यावर.

त्या ताटकळलेल्यांमध्ये एक आपल्या ओळखीचे गृहस्थ होते. चिक्कोडीत जन्मलेले, बेळगावात वाढलेले, ‘ही श्रीची इच्छा’ हे आत्मचरित्र मराठीत लिहिणारे श्री ठाणेदार. मिशिगन राज्यातल्या डेट्रॉइट परिसरातून ते डेमोक्रॅटिक पक्षातर्फे निवडून आले होते. मात्र त्याच निवडणुकीत त्यांच्या पक्षाच्या हातून प्रतिनिधिगृह गेले होते. रिपब्लिकन 222, डेमोक्रॅट 213. बहुमताला हवेत 218, म्हणजे विजेत्यांच्या गाठीशी जादा माणसे फक्त चार आणि पक्षात बंडखोर वीसएक. केव्हिन मॅकार्थी यांना सभापती व्हायला पंधरा फेऱ्या लागल्या. त्यासाठी त्यांनी बंडखोरांना जे देऊ केले त्यात एक अट अशी होती की कोणताही एकटा सदस्य सभापतीविरुद्ध अविश्वासाचा ठराव आणू शकेल. नऊ महिन्यांनी, 3 ऑक्टोबरला, तसा ठराव आला आणि 216 विरुद्ध 210 मतांनी मॅकार्थी पायउतार झाले. ठरावाने सभापती हटवला जाण्याची अमेरिकेच्या इतिहासातली ही पहिलीच वेळ.

मधल्या निवडणुकीत सत्ता फिरते तेव्हा नेमके काय फिरते, हे समजून घ्यायला हा प्रसंग बरा आहे. त्या वेळी व्हाइट हाउसमध्ये बायडन जागच्या जागी होते. त्यांच्या खुर्चीला धक्का लागला नव्हता. तरी देशाचा कारभार दुसऱ्याच गतीने चालू लागला होता.

आधी शब्दाचा घोळ दूर करू. ‘मध्यावधी’ म्हटले की आपल्या मनात सरकार पडल्याचे चित्र उभे राहते. लोकसभा मुदतीआधी विसर्जित झाली आणि निवडणूक लागली: 1971, 1980, 1998. अमेरिकेत कुणी पडत नाही आणि काही विसर्जित होत नाही. राष्ट्राध्यक्षाची मुदत चार वर्षे, प्रतिनिधिगृहाच्या 435 सदस्यांची दोन वर्षे, सिनेटच्या 100 सदस्यांची सहा वर्षे. त्यातले एक तृतीयांश दर दोन वर्षांनी लोकांपुढे जातात. त्यामुळे राष्ट्राध्यक्षाच्या कारकिर्दीच्या बरोबर मधोमध अख्खे प्रतिनिधिगृह आणि सिनेटचा तिसरा हिस्सा निवडणुकीला उभा राहतो. दिवसही ठरलेला: नोव्हेंबरातल्या पहिल्या सोमवारनंतरचा मंगळवार. 1862 साली यादवी युद्ध पेटलेले असतानाही मधली निवडणूक झाली आणि 1942 साली महायुद्धातही झाली.

आपल्याकडे पंतप्रधान लोकसभेतून जन्माला येतो. 17 एप्रिल 1999 ला वाजपेयींच्या बाजूने 269 आणि विरुद्ध 270 मते पडली, एका मताने सरकार गेले. अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष स्वतंत्रपणे निवडून येतो, म्हणून दोन्ही सभागृहे विरोधकांकडे गेली तरी तो मुदत संपेपर्यंत राष्ट्राध्यक्षच राहतो. अशा वेळी देशाला दोन मालक होतात आणि दोघांनाही लोकांनीच निवडलेले असते. कुणाचा कौल ताजा यावर मग दोन वर्षे भांडण चालते.

हे वारंवार घडते. 1934 पासून 2022 पर्यंत अशा 23 निवडणुका झाल्या. त्यांपैकी फक्त तीन वेळा राष्ट्राध्यक्षाच्या पक्षाच्या प्रतिनिधिगृहातल्या जागा वाढल्या: 1934, 1998 आणि 2002. बाकी वीस वेळा घटल्या. राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत त्याच्या लाटेवर निवडून आलेले काठावरचे उमेदवार दोन वर्षांनी लाट ओसरली की वाहून जातात. शिवाय मतदान कमी होते, आणि रागावलेला माणूस समाधानी माणसापेक्षा जास्त नेमाने केंद्रावर जातो. म्हणून जागा घटल्या यात बातमी नसते. किती घटल्या आणि बहुमताची रेघ ओलांडली गेली का, यात असते.

दोन-चार जागांची रेघ काय करू शकते, यासाठी 1918 कडे गेले पाहिजे. माझ्या मते इतकी दूरगामी मधली निवडणूक दुसरी झाली नाही. पहिले महायुद्ध संपत आले होते. वूड्रो विल्सन यांनी ऑक्टोबरच्या अखेरीस मतदारांना जाहीर आवाहन केले की माझ्याच पक्षाची सभागृहे निवडून द्या, म्हणजे जगापुढे माझा आवाज कमकुवत होणार नाही. 5 नोव्हेंबरला मतदान झाले आणि दोन्ही सभागृहे विरोधी रिपब्लिकनांकडे गेली. सहा दिवसांनी युद्ध थांबले. सिनेटचा हिशेब होता 49 विरुद्ध 47. या 49 मधली एक जागा पुन्हा मिशिगनचीच. तिथे विल्सन यांच्या आग्रहावरून मोटारवाले हेन्री फोर्ड उभे राहिले होते आणि काही हजार मतांनी हरले. फोर्ड जिंकते तर 48-48 झाले असते, आणि बरोबरी झाली की सिनेटचे अध्यक्षपद सांभाळणारा उपराष्ट्राध्यक्ष निर्णायक मत देतो. तो विल्सन यांच्या पक्षाचा होता.

ती एक जागा गेल्यामुळे सिनेटच्या परराष्ट्र व्यवहार समितीचे अध्यक्षपद हेन्री कॅबट लॉज यांच्याकडे गेले. लॉज विल्सन यांचे कट्टर विरोधक. विल्सन व्हर्सायहून करार घेऊन आले, त्यात राष्ट्रसंघाची योजना होती. लॉज यांनी समितीत कराराला विरोध करणारे सदस्य भरले. मग करार शब्दन् शब्द मोठ्याने वाचायला घेतला. जवळजवळ तीनशे पाने, दोन आठवडे, आणि समोर बहुतांश रिकाम्या खुर्च्या. समितीच्या अध्यक्षाला कामाचा वेग ठरवण्याचा हक्क असतो आणि लॉज यांनी तो पुरेपूर वापरला. या वेळात लोकमत थंडावत गेले. विल्सन यांनी आगगाडीने देश पालथा घातला, कोलोरॅडोतल्या प्वेब्लोच्या भाषणानंतर कोसळले आणि आठवडाभरात त्यांना अर्धांगाचा झटका आला. 19 नोव्हेंबर 1919 ला सिनेटने करार फेटाळला. मार्च 1920 मध्ये पुन्हा मतदान झाले, तेव्हा दोन तृतीयांशाला सात मते कमी पडली. विल्सन यांचा हट्टही नडला. लॉज यांच्या दुरुस्त्या त्यांनी स्वीकारल्या असत्या तर करार मंजूर होण्याजोगा होता. पण त्या दुरुस्त्या जुळवायला सवड मिळाली ती समितीच्या खुर्चीमुळे. ब्रिटिश अमलाखालचा भारत राष्ट्रसंघाचा संस्थापक सदस्य झाला आणि ज्या देशाच्या राष्ट्राध्यक्षाने राष्ट्रसंघाची कल्पना मांडली तो देश कायमचा बाहेर राहिला.

समितीच्या खुर्चीवर इतका भर देण्याचे कारण आपल्याला चटकन लक्षात येत नाही. आपल्याकडे संसदेच्या लोकलेखा समितीचे अध्यक्षपद 1967 पासून संकेताने विरोधकांकडे असते. अमेरिकेत तशी वाटणी नाही. सभागृहात ज्याचे बहुमत, त्याच्याच पक्षाचा माणूस प्रत्येक समितीचा अध्यक्ष. सत्ता एका जागेने फिरली तरी सगळ्या खुर्च्या एका दिवसात फिरतात. त्याबरोबर साक्षीदारांना समन्स काढण्याचे अधिकार, कागदपत्रे मागवण्याचे अधिकार, कर्मचारी आणि कार्यक्रमपत्रिकाही जाते. कोणते विधेयक चर्चेला येणार आणि कोणते कपाटात पडून राहणार हे त्या क्षणापासून दुसरा पक्ष ठरवतो.

डोनाल्ड ट्रम्प यांच्या करविवरणपत्रांची गोष्ट पाहा. 1924 सालच्या एका कायद्याप्रमाणे प्रतिनिधिगृहाच्या कर समितीचा अध्यक्ष कोणाचेही विवरणपत्र सरकारकडून मागवू शकतो. 2018 च्या मधल्या निवडणुकीत डेमोक्रॅटांना 40 जागांचा फायदा होऊन प्रतिनिधिगृह मिळाले आणि ही खुर्ची रिचर्ड नील यांच्याकडे आली. एप्रिल 2019 मध्ये त्यांनी सहा वर्षांची विवरणपत्रे मागितली. अर्थखात्याने नकार दिला आणि प्रकरण कोर्टात गेले. सर्वोच्च न्यायालयाने वाट मोकळी केली ती नोव्हेंबर 2022 मध्ये. तोवर दुसरी मधली निवडणूक होऊन गेली होती आणि डेमोक्रॅटांचे बहुमत संपायला सहाच आठवडे उरले होते. 30 डिसेंबरला समितीने विवरणपत्रे प्रसिद्ध केली, 3 जानेवारीला डेमोक्रॅटांचे बहुमत संपले. कोर्टाचा निकाल दोन महिने लांबता तर ती कागदपत्रे लोकांपुढे येण्याची शक्यता फारच थोडी होती.

सत्तापालटाचे दुसरे मोजमाप मला फार बोलके वाटते. राष्ट्राध्यक्षाने किती विधेयके नकाराधिकार वापरून परत पाठवली? क्लिंटन यांनी पहिल्या दोन वर्षांत एकही नाही. 1994 मध्ये रिपब्लिकनांनी चाळीस वर्षांनी प्रतिनिधिगृह जिंकले, सिनेटही घेतली, आणि पुढच्या सहा वर्षांत क्लिंटन यांचे 37 नकार झाले. धाकट्या बुश यांचा पहिल्या सहा वर्षांत एक नकार. 2006 मध्ये दोन्ही सभागृहे गमावल्यावर शेवटच्या दोन वर्षांत अकरा. ट्रम्प यांच्या पहिल्या कारकिर्दीत आधी शून्य, मग दहा. बायडन: आधी शून्य, मग तेरा.

ओबामांचा आकडा वेगळा आहे आणि त्यातूनच खरी यंत्रणा कळते. 2010 मध्ये त्यांच्या पक्षाने प्रतिनिधिगृहातल्या 63 जागा गमावल्या. एवढा मोठा पराभव, तरी पहिल्या सहा वर्षांत त्यांचे नकार फक्त दोन. कारण सिनेट त्यांच्या पक्षाकडे राहिली. प्रतिनिधिगृहाने पाठवलेली विधेयके सिनेटच्या दारातच थांबली, राष्ट्राध्यक्षाच्या टेबलापर्यंत पोचलीच नाहीत. 2014 मध्ये सिनेटही गेली आणि उरलेल्या दोन वर्षांत दहा नकार झाले. म्हणजे सहसा एक सभागृह गेले तर कामे अडतात, दोन्ही गेली तर समोरासमोर झुंज लागते. या पाचही कारकिर्दी मिळून 84 नकार झाले. दोन्ही सभागृहांनी दोन तृतीयांश मतांनी त्यांपैकी फिरवले आठ. नवे बहुमत कायदे करील या अपेक्षेने जे मतदार मत देतात त्यांच्या पदरी यामुळे बहुधा निराशा येते. ते बहुमत अडवू शकते, विचारू शकते, पैसा रोखू शकते. एकट्याने घडवू शकते असे फार थोडे.

पैशाबद्दल थोडक्यात. खर्चाची विधेयके मंजूर झाली नाहीत तर सरकारची कार्यालये बंद पडतात. आपल्या लेखानुदानासारखी तात्पुरती सोय तिथेही आहे, पण तिलाही दोन्ही सभागृहांची आणि राष्ट्राध्यक्षाची संमती लागते. 1994 च्या सत्तापालटानंतर 1995-96 मध्ये असे दोन बंद झाले, एक पाच दिवसांचा आणि दुसरा 21 दिवसांचा. पहिल्याच बंदमध्ये आठ लाखांच्या आसपास कर्मचारी घरी बसले. लोकांचा राग सभागृहावर निघाला आणि 1996 मध्ये क्लिंटन पुन्हा निवडून आले. ओबामाही 2010 च्या पराभवानंतर 2012 मध्ये जिंकले. ट्रम्प 2018 नंतर 2020 मध्ये हरले. म्हणून मधल्या निकालावरून पुढच्या राष्ट्राध्यक्षाचे भाकीत करणाऱ्यांवर विश्वास ठेवू नये.

राज्यांत जे घडते त्याकडे बाहेरच्या जगाचे लक्षच नसते. बहुतेक राज्यांत मतदारसंघांच्या सीमा विधिमंडळच आखते. आपल्यासारखा परिसीमन आयोग तिथे सर्वत्र नाही. 2010 ची निवडणूक जनगणनेच्या वर्षातच आली आणि रिपब्लिकनांनी राज्य विधिमंडळांतल्या सातशेच्या आसपास जागा नव्याने मिळवल्या. नकाशे त्यांच्या हाती आले. 2012 मध्ये प्रतिनिधिगृहासाठी देशभरात डेमोक्रॅटांना दहा लाखांहून जास्त मते अधिक मिळाली, जागा मात्र रिपब्लिकनांना 234 आणि डेमोक्रॅटांना 201. एका मधल्या निवडणुकीचा ठसा असा पुढच्या अनेक निवडणुकांवर राहतो.

आणि सिनेट फिरली तर न्यायालयही फिरू शकते. न्यायाधीशांच्या नेमणुकीला सिनेटची संमती लागते. 2014 मध्ये सिनेट रिपब्लिकनांकडे गेली. फेब्रुवारी 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती स्कॅलिया वारले. ओबामांनी मार्चमध्ये मेरिक गारलंड यांचे नाव पाठवले. सिनेटने त्यांना सुनावणीसुद्धा दिली नाही. त्या नेमणुकीचा कागद 293 दिवस पडून राहिला आणि सभागृहाची मुदत संपताच रद्द झाला. ती जागा 2017 मध्ये ट्रम्प यांनी नेमलेल्या गॉर्सच यांना मिळाली. 2022 मध्ये गर्भपाताचा जवळजवळ पन्नास वर्षांचा घटनात्मक हक्क ज्या पाच न्यायमूर्तींनी काढून टाकला त्यांत ते होते. 2014 ला मतदान किती झाले होते? हक्क असलेल्या शंभरांपैकी छत्तिसांच्या आसपास. दुसऱ्या महायुद्धानंतरचा हा नीचांक.

आपल्या कामांचे काय होते? इथे दोन गोष्टी शेजारी ठेवण्याजोग्या आहेत. पालघरजवळच्या तारापूर अणुवीज केंद्राला लागणारे युरेनियम अमेरिकेतून येत असे. 1980 मध्ये ते पाठवायला प्रतिनिधिगृहाने विरोध केला आणि सिनेटने 48 विरुद्ध 46 अशा निसटत्या मतांनी ते जाऊ दिले. म्हणजे तारापूरचे इंधन तेव्हा सिनेटमधल्या दोन मतांवर होते. अणुकराराच्या वेळी मात्र उलट घडले. 7 नोव्हेंबर 2006 ला बुश यांनी दोन्ही सभागृहे गमावली. दिल्लीत धाकधूक होती. नऊ दिवसांनी जुन्याच सिनेटने भारताशी अणुसहकार्याचे विधेयक 85 विरुद्ध 12 मतांनी मंजूर केले, आणि दोन वर्षांनी अंतिम करारावर डेमोक्रॅटांच्या ताब्यातल्या सभागृहांनी शिक्कामोर्तब केले. दोन्ही पक्षांना जे हवे असते त्याला सत्तापालटाने धक्का लागत नाही.

ग्रीन कार्डचे दुखणे वेगळे. नोकरीवर मिळणाऱ्या ग्रीन कार्डांत एका देशाला साधारण सात टक्क्यांपेक्षा जास्त वाटा नाही, त्यामुळे भारतीयांची रांग वर्षानुवर्षे हलत नाही. पुण्या-नागपूरच्या कितीतरी घरांना ही रांग तोंडपाठ आहे. ही मर्यादा उठवणारे विधेयक 2011 मध्ये रिपब्लिकनांच्या प्रतिनिधिगृहाने 389 विरुद्ध 15 मतांनी मंजूर केले, ते सिनेटमध्ये अडकले. 2019 मध्ये डेमोक्रॅटांच्या प्रतिनिधिगृहाने 365 विरुद्ध 65 मतांनी मंजूर केले. सिनेटने डिसेंबर 2020 मध्ये स्वतःचा वेगळा मसुदा संमत केला. दोन मसुद्यांचा मेळ घालायला महिनाच हाती होता. 3 जानेवारी 2021 ला सभागृहाची मुदत संपली आणि विधेयक मेले, कारण मुदतीबरोबर अपुरी विधेयकेही संपतात. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

ग्रीन कार्डवर असलेल्यांना या निवडणुकीत मत नाही. नागरिकत्वाची शपथ घेतलेल्यांना आहे. तुमच्या घरातला भाऊ, भाची, मावसबहीण असे कोणी तिथले नागरिक झाले असतील तर राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीची चर्चा तुमच्याशी नक्की झाली असेल. मधल्या वर्षीही ती करा. बऱ्याच राज्यांत मतदारनोंदणी मतदानाच्या काही आठवडे आधी बंद होते, तेव्हा नोव्हेंबर उजाडेपर्यंत थांबू नका. गणपतीत फोन होतोच. आरती झाली का, मोदक कुणी केले, हे विचारून झाले की एवढे विचारा: मतदार यादीत नाव आहे ना?